बारा कोसांवरची चिमणी

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असं आपण म्हणतो. बारा कोस म्हणजे ढोबळमानाने पस्तीस-चाळीस किलोमीटर. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका चिमणीला एवढं अंतर लागत नाही. एकट्या सॅन फ्रान्सिस्को शहरात, सकाळी चालायला निघालेला माणूस जेवणाच्या वेळेआधी पार करील एवढ्या टापूत, तिच्या तीन बोली शेजारी-शेजारी नांदत होत्या. गोल्डन गेट पूल ओलांडून मरीनमध्ये गेलात की वेगळी बोली. खाडीच्या पूर्वेला बर्कलीच्या टेकड्यांवर आणखी वेगळी. ज्याचा कान या गाण्याला सरावलाय, त्याला डोळे बांधून एखाद्या झुडपाशी नेऊन उभं केलं तरी तो आपण कुठे आहोत ते सांगू शकतो. माझा कान अजून एवढा तयार नाही, पण सॅन फ्रान्सिस्कोतला प्रेसिडिओ आणि बर्कली यांतला फरक मला आता कळतो आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान आहे.

चिमणीचं इंग्रजी नाव व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो, शास्त्रीय नाव झोनोट्रिकिया ल्युकोफ्रिस. ती उत्तर अमेरिकेची, त्यामुळे मराठीत तिला नाव नाही. आमच्या घरात तिला पट्टेवाली म्हणतात, कारण डोक्यावर काळे-पांढरे ठळक पट्टे. (कुणाला सरकारी कचेरीतला पट्टेवाला आठवला तरी हरकत नाही. मान ताठ ठेवून उभं राहण्याची ऐट तशीच आहे.) छाती राखाडी, पाठीवर तपकिरी रेघा, वजन पंचवीस-तीस ग्रॅम. पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांच्या डोक्यावर काळ्या-पांढऱ्याऐवजी तपकिरी आणि बदामी पट्टे असतात. थव्यात त्यांना दुय्यम वागणूक मिळते. संशोधकांनी अशा पिल्लांची डोकी मोठ्यांसारखी रंगवून पाहिली, तर त्यांचा थव्यातला मान वाढला. खाण्याची पद्धत मजेदार आहे. दोन्ही पायांनी एकदम मागे उडी मारायची, पालापाचोळा उडवायचा आणि खाली उघडं पडलेलं बी टिपायचं. आमच्या मागच्या अंगणात सप्टेंबरच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत हे उकरणं चालू असतं.

आणि ही आपली घरातली चिमणी नव्हे. युरोपातून आलेल्या लोकांनी इथल्या तपकिरी, रेघाळ, बी टिपणाऱ्या लहान पक्ष्यांना सरसकट स्पॅरो म्हणून टाकलं. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या या चिमण्यांचं कूळ वेगळं आहे आणि नात्याने त्या आपल्या चिमणीपेक्षा भारीट पक्ष्यांना जवळच्या. हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर काळ्या डोक्याच्या भारीटांचे पिवळेधमक थवे उतरताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी पट्टेवालीला त्या घराण्याची दूरची चुलत बहीण समजावं.

आता तिच्यातल्या फरकांकडे येते. ते दोन प्रकारचे आहेत. एक रक्तातले, दुसरे कानातले.

रक्तातले आधी. या एका जातीच्या पाच पोटजाती मानतात. पूर्व कॅनडातली ल्युकोफ्रिस, अलास्का आणि वायव्य कॅनडातली गँबेली, सिएरा नेवाडा आणि रॉकी पर्वतांत उंचावर राहणारी ओरिआंथा, वॉशिंग्टन-ओरेगनच्या किनाऱ्याची प्युजेटेन्सिस आणि मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची नटाली. ओळखायच्या तर चोच आणि चोचीजवळचा डोळ्यापुढचा भाग पाहायचा. पूर्वेकडच्या आणि पर्वतातल्या पोटजातींची चोच गुलाबी, आणि डोळ्यापुढे काळा डाग असल्याने भुवईचा पांढरा पट्टा चोचीपर्यंत पोचत नाही. गँबेलीची चोच नारिंगी-पिवळसर आणि पट्टा थेट चोचीला भिडलेला. किनाऱ्यावरच्या दोघींची चोच पिवळी, पाठ जास्त तपकिरी. दुर्बीण हातात घेऊन महिनाभर बसलं की हे जमतं. फक्त किनाऱ्यावरच्या दोघींत गोंधळ उडत राहतो.

नटाली हे नाव थॉमस नटाल या निसर्ग अभ्यासकाचं, आणि गँबेली हे त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या विल्यम गँबेलचं. हा गँबेल १८४९ साली, सोन्याच्या शोधात जग कॅलिफोर्नियाकडे धावत होतं त्या गर्दीत, टायफॉइडने ऐन विशीत गेला. गुरू-शिष्यांची नावं लावलेले पक्षी दर हिवाळ्यात बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या या भागात, एकाच झुडपाखाली दाणे टिपतात. मला हे आवडतं.

चोचीच्या रंगापेक्षा खरा फरक आहे तो वर्ष कसं घालवायचं यात. नटाली घर सोडत नाही. मेंडोसिनोपासून सँटा बार्बराच्या बाजूपर्यंत किनाऱ्याची एक अरुंद पट्टी, समुद्रावरून येणारं धुकं, खाऱ्या वाऱ्याने खुरटलेली झुडपं, एवढंच तिचं जग. जोड्या वर्षभर आपापल्या हद्दीत असतात. प्युजेटेन्सिस हिवाळ्यापुरती खाली कॅलिफोर्नियात येते आणि वसंतात उत्तरेला परतते. बार्बरा ब्लँचर्ड या संशोधिकेने १९३०च्या दशकात बर्कलीत या दोघींचा बारकाईने अभ्यास केला आणि १९४१ साली तो प्रसिद्ध केला. दिसायला जवळपास सारख्या, हिवाळाभर एकाच आवारात चरणाऱ्या. पण मार्च उजाडला की एकीच्या घरी काड्या गोळा व्हायला लागतात आणि दुसरी अजून प्रवासाच्या तयारीत, चरबी साठवत असते. हवा एक, अन्न एक, उजेडाचे तास एक. तरी दोघींचं पंचांग निराळं.

गँबेलीचा पल्ला तर विचारू नका. अलास्कात घरटं करणारे काही पक्षी हिवाळ्याला दक्षिण कॅलिफोर्नियात येतात, म्हणजे एका बाजूने चार हजार किलोमीटरहून जास्त. रात्री उडायचं आणि दिवसा खायचं. मग झोपायचं कधी? विस्कॉन्सिनमधल्या एका गटाने प्रयोगशाळेत ठेवलेल्या पट्टेवाल्यांच्या मेंदूचे आलेख काढले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की स्थलांतराच्या हंगामात, पिंजऱ्यात असूनही, त्यांची झोप सुमारे दोन तृतीयांशाने घटते, आणि तरीही शिकण्याच्या चाचण्यांत त्या मागे पडत नाहीत. हंगाम नसताना त्यांना जागं ठेवलं तर मात्र त्या ढेपाळतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात मी हे वाचलं होतं आणि तेव्हा त्या चिमण्यांचा मला फार हेवा वाटला होता.

आणखी एक प्रयोग मला विसरता येत नाही. स्थलांतराच्या वाटेवर असलेल्या काही पट्टेवाल्या वॉशिंग्टन राज्यात पकडल्या आणि विमानाने थेट पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सीत प्रिन्स्टनला नेऊन सोडल्या. सुमारे ३,७०० किलोमीटर अंतर. पाठीवर छोटा रेडिओ ट्रान्समीटर, मागे लहान विमान. पहिल्यांदाच प्रवासाला निघालेली पिल्लं सरळ दक्षिणेकडे निघाली, जणू अजून वॉशिंग्टनातच आहेत. आधी एकदा तरी ही वाट केलेल्या मोठ्या पक्ष्यांनी मात्र आपण भलतीकडे आलोय हे ओळखलं आणि नैर्ऋत्येकडे, आपल्या नेहमीच्या हिवाळी मुक्कामाच्या दिशेने वळले. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे दिशा घेऊन पिल्लू जन्माला येतं, पण ठिकाण त्याला जाऊन यावं लागतं तेव्हा कळतं.

इथपर्यंतचं सगळं मी आवडीने वाचलं. पण मला धरून ठेवलं ते कानातल्या फरकाने.

पीटर मार्लर हा इंग्लंडातून आलेला शास्त्रज्ञ १९५७ साली बर्कलीत रुजू झाला. पक्ष्यांच्या गाण्यात जागेनुसार फरक असतो हे त्याने युरोपात चॅफिंच पक्ष्यांत ऐकलं होतं. इथे आल्यावर अंगणातच त्याला पट्टेवाली सापडली. मिवाको तामुरा या सहकारी संशोधिकेबरोबर त्याने मरीन, बर्कली आणि दक्षिणेकडचा सनसेट बीच अशा तीन ठिकाणची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९६२ साली मांडली. गाणं दोनच सेकंदांचं. सुरुवातीला एक-दोन स्वच्छ शिट्ट्या, या, माणसापरत्वे आवाज बदलावा तशा, पक्ष्यापरत्वे थोड्या बदलतात. मग मधले काही स्वर आणि शेवटी भरभर म्हटलेली एक तान. ही तान गावाची. एका ठिकाणचे जवळजवळ सगळे नर ती सारखीच म्हणतात आणि पुढच्या ठिकाणी ती बदललेली असते.

मग प्रश्न आला की हे येतं कुठून. घरट्यातून काढून एकटी वाढवलेली पिल्लं मोठी होऊन गायला लागली तेव्हा त्यांच्या गाण्यात ना गाव होतं ना घराणं, नुसत्या सपाट शिट्ट्या. दहाव्या ते पन्नासाव्या दिवसांच्या आसपास टेप ऐकवली तर मात्र पिल्लू ते ध्यानात ठेवतं आणि काही महिन्यांनी, स्वतः गायला लागल्यावर, तेच गातं. बर्कलीच्या पिल्लाला मरीनची टेप ऐकवा, ते मरीनचं होतं. दुसऱ्या जातीच्या पक्ष्याची टेप ऐकवा, ते दुर्लक्ष करतं. मार्लरचा जपानी विद्यार्थी मासाकाझू कोनिशी याने आणखी पुढे जाऊन दाखवलं की पिल्लाने गाणं ऐकून साठवलं असलं, तरी गायला लागण्याआधी त्याला बहिरं केलं तर ते गाणं बाहेर येत नाही. स्वतःचा आवाज ऐकून तो साठवलेल्या आवाजाशी जुळवत न्यावा लागतो. गाणं पक्कं झाल्यावर बहिरेपण आलं तर मात्र गाणं टिकतं. प्रयोग क्रूर होता, हे न लिहिता पुढे जाणं मला जमत नाही. पण रियाज म्हणजे नेमकं काय, याचं इतकं स्पष्ट उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

पुस्तकांत यापुढे बराच काळ लिहिलं जायचं की पन्नास दिवसांनी दार बंद. मग लुईस बाप्टिस्टा आले.

आडनाव वाचून मला पहिल्यांदा गोवा किंवा वसई आठवली. ते तसे नव्हते. जन्म हाँगकाँगचा, १९४१चा, घराणं मकाऊकडचं पोर्तुगीज-चिनी. तरुणपणी सॅन फ्रान्सिस्कोला आले, बर्कलीत डॉक्टरेट केली ती याच चिमणीच्या बोलींवर, आणि पुढे गोल्डन गेट पार्कमधल्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेत पक्षी विभागाचे क्युरेटर झाले. ज्याचं स्वतःचं घरच दोन-तीन भाषांच्या सीमेवर वाढलं, त्याला बोलींच्या हद्दीवर राहणारे पक्षी सापडावेत यात नवल नाही. दोन बोली जिथे भेटतात तिथे काही नर दोन्ही गातात, अशी दुभाषी पाखरं बाप्टिस्टांनी नोंदवली.

पण त्यांचं मला सर्वांत भावलेलं काम १९८४चं, लुईस पेट्रिनोविच या मानसशास्त्रज्ञाबरोबरचं. त्यांनी टेप बाजूला ठेवली आणि पन्नास दिवस उलटून गेलेल्या पिल्लाला जिवंत शिक्षक दिला. जाळीपलीकडे का होईना, दिसणारा, हालचाल करणारा, उत्तर देणारा. पिल्लं शिकली. दार बंद झालेलंच नव्हतं, टेपसाठी ते बंद होत होतं. त्यांनी पुढची गंमत अशी केली की काही पिल्लांना शिक्षक म्हणून दुसऱ्याच कुळातला पक्षी दिला, लाल मुनिया. आपलीच लाल मुनिया, ओढ्याकाठच्या गवतात आणि उसाच्या फडाकडेने दिसणारी, पावसाळ्यात नर लालबुंद होऊन अंगावर पांढरे ठिपके मिरवतो ती. एके काळी अहमदाबादहून पिंजऱ्यांत भरून ती परदेशी जायची आणि तिच्या शास्त्रीय नावात, अमांडावा अमांडावा, ते शहर मोडक्या रूपात अजून बसलेलं आहे. टेपवरच्या परक्या गाण्याला ढुंकूनही न पाहणाऱ्या पट्टेवालीच्या पिल्लाने समोर बसलेल्या या मुनियेचं गाणं उचललं. कॅलिफोर्नियाची चिमणी, गुजरातच्या नावाच्या पाखराची शिष्या.

हे वाचलं तेव्हा आमच्या घरी एक वेगळाच प्रयोग चालू होता, म्हणून ते जास्त लागलं. मी कोल्हापूरची, नवरा नागपूरचा, मुलगी इथल्या, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची. तिला मराठी यावं म्हणून ती तान्ही असल्यापासून मी मराठी बडबडगीतं, गोष्टी, कार्टून सगळं लावत होते. तिला सगळं समजायचं. बोलायची मात्र इंग्रजीत. आता वेळ गेली, असं मी मनाशी धरलं होतं. मग सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांना इंग्रजी येत नाही आणि आपल्याला येत नाही याचं त्यांना काही वाटतही नाही. दोघी दिवसभर एकत्र. पत्ते, पोळ्या, भांडणं. पहिल्या महिन्याच्या शेवटी पोरगी मला म्हणाली, "आई, तू काय करून राहिली?" पुढच्या आठवड्यात, "मले नाही पाहिजे." आणि एकदा मी रागावले तेव्हा कमरेवर हात ठेवून, "कायले ओरडून राहिली?" माझी कोल्हापुरी तिने जन्मापासून ऐकलेली, पण मी तिच्याशी अर्धं इंग्रजीतच बोलत आले. बोली आली ती आजीची. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा विजय मला आठवडाभर बघावा लागला.

माणसाचं पोर आणि चिमणीचं पिल्लू यांची अशी थेट तुलना शास्त्रज्ञांना पटणार नाही, हे मला माहीत आहे. भाषेत अर्थ असतो, व्याकरण असतं, चिमणीच्या दोन सेकंदांत ते नाही. पण मार्लर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामाकडे भाषा शिकण्याचा अभ्यास करणारे लोक इतकी वर्षं पाहत आले ते उगीच नव्हे.

बोलीची हद्द हीच जातीतल्या जातीची भिंत बनते का, म्हणजे मादी आपल्याच बोलीचा नर निवडते का, यावर ऐंशीच्या दशकात जोरदार वाद झाला. एका बाजूचं म्हणणं की बोलीमुळे जोड्या जुळण्यावर मर्यादा येते आणि हळूहळू जनुकंही वेगळी होतात. बाप्टिस्टा आणि पेट्रिनोविच दुसऱ्या बाजूला. पुढे जनुकीय फरक शोधले गेले तेव्हा बोलींशी त्यांचा संबंध फार तर पुसटसा निघाला. मला स्वतःला दुसरी बाजू पटते. हद्दीवरचे दुभाषी नर असताना भिंत किती उंच असणार?

यात पोटजातींचा संबंध पुन्हा येतो आणि तो सुंदर आहे. वर्षभर घरीच असणाऱ्या नटालीत बोली सगळ्यांत ठसठशीत. अलास्काकडच्या गँबेलीत, जी दर वर्षी खंडभर फिरते, अशा गावठी बोली बांधल्याच जात नाहीत. नर आपापलं गातात, शेजाऱ्याशी जुळलं तर जुळलं. पर्वतातल्या ओरिआंथाला उन्हाळा जेमतेम मिळतो, बर्फ वितळून पुन्हा पडेपर्यंतचा. तिथली पिल्लं सुरुवातीला जास्त गाणी साठवून ठेवतात आणि पुढच्या वसंतात हद्द मिळाली की शेजाऱ्यांशी न जुळणारी एकेक गाळून टाकतात. जो जिथे जितका टिकून राहणार, तितकी त्याला तिथली बोली गरजेची. आमच्या अंगणातल्या हिवाळी गँबेली फेब्रुवारीत अर्धंमुर्धं, चाचपडत गायला लागतात तेव्हा मी त्यात गाव शोधत बसत नाही.

आता सॅन फ्रान्सिस्कोकडे परत. प्रेसिडिओ ही १७७६ साली स्पॅनिश लोकांनी वसवलेली लष्करी छावणी. पुढे ती अमेरिकी सैन्याकडे राहिली आणि १९९४पासून ती उद्यान आहे. निलगिरी आणि सायप्रसची झाडं, समुद्राकडे उतरत जाणारे वाळूचे उंचवटे, त्यावर पुन्हा लावलेली देशी झुडपं, आणि डोक्यावर गोल्डन गेट पुलाकडे जाणाऱ्या गाड्यांची अखंड घरघर. १९६९ साली बाप्टिस्टांनी इथली गाणी टेपवर घेतली. डेव्हिड ल्यूथर यांनी ती आणि पुढच्या तीस वर्षांतली गाणी एकत्र तपासली, आणि बाप्टिस्टांच्या मृत्यूनंतर २०१०मध्ये दोघांच्या नावाने निबंध आला. शहराची घरघर खर्जातली असते. चिमण्यांच्या गाण्यातला सर्वांत खालचा स्वर या काळात वर सरकला होता. आणि तीन बोलींपैकी ज्या बोलीचा तळ आधीपासून उंच होता, ती खालच्या तळाच्या बोलीला मागे ढकलत तिची जागा घेत चालली होती. जी बोली गाड्यांच्या वर ऐकू जाते, तीच पिल्लाच्या कानापर्यंत पोचते. पिल्लू तीच शिकतं.

ल्यूथर आणि एलिझाबेथ डेरीबेरी यांनी मग १९६९ची आणि २००५ची गाणी आजच्या नरांना स्पीकरवर ऐकवली. हद्दीत परका नर गायला लागला की मालक धावून जातो. आजच्या गाण्यावर ते जास्त त्वेषाने धावून गेले. पणजोबांच्या गाण्याने त्यांना तेवढा राग आला नाही. पण स्वर वर नेण्याची किंमत आहे. खालचा भाग सोडला की तानेचा आवाका कमी होतो, आणि आवाका हीच नराच्या ताकदीची खूण. गोंगाटात ऐकू जायचं तर गाणं थोडं कमअस्सल करावं लागतं. हे वाचून मला बे एरियातली आमची कामाच्या जागेवरची इंग्रजी आठवली, सगळ्यांना समजावी म्हणून सगळे कंगोरे घासून टाकलेली.

मग २०२०. मार्च संपता संपता शहर बंद झालं. गोल्डन गेट पुलावरची वाहतूक १९५०च्या दशकाच्या मध्यावर होती तेवढ्यावर आली. डेरीबेरी आणि सहकाऱ्यांकडे आधीच्या वर्षांची मोजमापं होती, त्यांनी एप्रिल-मेमध्ये पुन्हा ध्वनिमुद्रण केलं. चिमण्या साधारण तीस टक्के हळू आवाजात गात होत्या, तरी त्यांचं गाणं दुप्पट अंतरावर ऐकू जात होतं. आणि खालचे स्वर परत आले होते, तान पुन्हा रुंद झाली होती. अनेकांनी त्या दिवसांत पक्षी मोठ्याने गायला लागले असं म्हटलं. मीही आईला फोनवर तसंच सांगितलं होतं. झालं होतं उलटं.

त्याच वर्षी कॅनडातून या चिमणीच्या सख्ख्या नातेवाईकाची, पांढऱ्या गळ्याच्या स्पॅरोची बातमी आली. त्या पक्ष्याच्या गाण्याचा शेवट पिढ्यान्‌पिढ्या तीन-तीन स्वरांच्या गटांचा. पश्चिमेकडे कुणीतरी दोन-दोन स्वरांचा शेवट सुरू केला आणि वीस वर्षांत तो तीन हजार किलोमीटर पूर्वेकडे पसरला, जुना शेवट पुसत. हिवाळी मुक्कामाला पश्चिमेचे आणि पूर्वेचे पक्षी एकत्र येतात, तिथे पिल्लांनी तो उचलला असणार असं संशोधक म्हणतात. नवा शेवट जास्त ऐकू जातो किंवा त्याने काही फायदा होतो, असं काही दिसलं नाही. फॅशन म्हणायची. प्रेसिडिओत गोंगाटाने बोली बदलली, कॅनडात हौसेने. दोन्हींत मला हौसेची बाजू जास्त आवडते.

आमच्या सासूबाई परत जायच्या आधी आम्ही त्यांना प्रेसिडिओला घेऊन गेलो होतो. मार्चची सकाळ, धुकं अजून झाडांत, लोबोस क्रीकजवळच्या लाकडी पायवाटेवर आम्ही उभे, आणि समोरच्या झुडपाच्या शेंड्यावर एक नर. मी त्यांना बोली, तान, बाप्टिस्टा, सगळं उत्साहाने सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, शाल घट्ट केली, आणि म्हणाल्या, "पण हा तं घंटाभरापासून एकच म्हणून राहिला व. याले दुसरं येत नाही काय?"

नाही येत. बहुतेक नर आयुष्यभर एकच गाणं गातात.